थंडीची वाट मोकळी ठेवा
तळाशी फ्रीझर असलेल्या शीतकपाटाची घरगुती निगा

(गृहिणी व ग्राहक यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातील घरांतून अन्न राखण्याची एक जुनी व्यवस्था होती. दुधाचे पातेले पाण्याने भरलेल्या परातीत ठेवले जाई. लोण्याचा गोळा थंड पाण्यात सोडला जाई. दह्याचे मडके शिंक्यावर चढे आणि पिण्याचे पाणी माठात गार होई. माठाच्या ओल्या अंगावरून वारा वाहिला म्हणजे पाणी गार होते, एवढे शास्त्र घरातील वडीलधाऱ्या बायकांना पुस्तकावाचून ठाऊक होते.

या व्यवस्थेच्या जागी आता शीतकपाट, म्हणजेच बोलीभाषेतील फ्रीज, आले आहे. १९५८ साली मुंबईच्या गोदरेज कंपनीने देशात फ्रीज बनविण्यास आरंभ केला, तेव्हा ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती. आज पुणे जिल्ह्यातील रांजणगाव व सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे फ्रीजचे मोठे कारखाने आहेत. शिरवळवरून जाणारा पुणे-बेंगळूर महामार्ग पुढे निपाणी व बेळगावातूनच जातो. नोकरदार, शेतकरी, लहान दुकानदार, विड्या वळणारी कुटुंबे अशा सर्व थरांतील घरांत आता फ्रीज दिसतो आणि पुष्कळदा तो हप्त्याहप्त्याने घेतलेला असतो. त्यामुळे तो बिघडला म्हणजे केवळ यंत्र बंद पडत नाही, घराचा हिशेबही कोलमडतो.

गेल्या काही वर्षांत या भागातील दुकानांतून एक वेगळी रचना दिसू लागली आहे. तिच्यात फ्रीझर, म्हणजे बर्फाचा कप्पा, तळाशी असतो आणि दूध-भाजीचा कप्पा वर. तिची सोय उघड आहे. फ्रीझर दिवसातून एकदोनदा उघडला जातो, भाजीचा कप्पा मात्र वारंवार. तो उंचीवर आल्याने गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या वृद्धांना वाकावे लागत नाही. परंतु ही रचना जुन्या फ्रीजसारखीच वापरली गेली, तर ती तक्रार करू लागते. त्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी यंत्रातील बिघाडामुळे नव्हे, तर समजुतीच्या उणिवेमुळे उद्भवतात.

थंडी खाली बसते, वर चढत नाही

माठाचे शास्त्र आणि फ्रीजचे शास्त्र मुळात एकच आहे. द्रवाची वाफ होते तेव्हा तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. माठातील पाणी वाफ होऊन हवेत निघून जाते. फ्रीजमधील द्रव मात्र बंद नळ्यांतून पुन्हापुन्हा फिरत राहतो. फ्रीझरमागील नळ्यांत त्याची वाफ होते व आतील उष्णता शोषली जाते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो. तेथे उष्णता खोलीत सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. म्हणजे फ्रीज थंडी निर्माण करीत नाही, तो उष्णता आतून उपसून बाहेर टाकतो. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या मोटेसारखे त्याचे काम आहे.

थंड हवा जड असते, म्हणून ती खाली बसते. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा वर असे आणि तेथील थंडी आपोआप खाली उतरे. तळाशी फ्रीझर असलेल्या बहुतेक फ्रीजमध्ये थंडी खाली तयार होते आणि तिला निसर्गाविरुद्ध वर चढवावे लागते. हे काम एक छोटा पंखा करतो. फ्रीझरमागील नळ्यांवरून तो हवा ओढतो, मागील भिंतीतील पोकळ मार्गाने ती वर पाठवितो आणि जाळीदार छिद्रांतून ती भाजीच्या कप्प्यात सोडतो. वाटेत एक झडप असते. वरचा कप्पा पुरेसा गार झाला म्हणजे ती मिटते, गरम होऊ लागला म्हणजे उघडते. वापरलेली हवा दुसऱ्या मार्गाने खाली परत येते.

या फ्रीजचे सारे मर्म एका वाक्यात सांगता येईल : थंडीची वाट मोकळी असेल तर फ्रीज चालेल, वाट अडली तर खाली बर्फ असूनही वर दूध नासेल.

‘गॅस संपला’ म्हणण्यापूर्वी

एप्रिल महिन्यातील नेहमीचा प्रसंग पाहावा. गृहिणी सकाळी दूध काढते, तर ते फाटलेले असते. खाली पाहावे तो बर्फ दगडासारखा. शेजारून निदान येते, ‘गॅस संपला असेल.’ वस्तुतः गॅस हा चुलीतील सरपणाप्रमाणे संपणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांत असतो आणि कोठे गळती झाली तरच कमी होतो. गॅस कमी झाला असेल तर फ्रीझरचीही थंडी उतरते. फ्रीझर कडक गोठलेला आणि वरचा कप्पा मात्र कोमट, अशी अवस्था असेल तर दोष बहुधा गॅसचा नसून हवेच्या वाटेचा असतो. ही एक खूण ध्यानात ठेवली तरी अनावश्यक खर्च टळू शकतो.

अशा वेळी क्रमाने पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, हवेची छिद्रे. पिठाचा डबा, भाताचे पातेले किंवा भाजीची पिशवी मागील भिंतीला टेकून बसली आहे काय? भिंत व भांडी यांत तीन-चार बोटे अंतर हवे. फळ्यांवर वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याची सवयही हवेला अडसर घालते.

दुसरी गोष्ट, दाराचे रबर. दारात कागदाचा एक कपटा धरून दार लावावे व कागद हलकेच ओढावा. तो अडकून आला तर रबर ठीक. सहज निसटला तर तेथून उष्ण, दमट हवा आत शिरते. पुष्कळदा रबर फाटलेले नसते, चिकट झालेले असते. कोमट पाणी व साबणाने ते पुसून कोरडे केले की दार पुन्हा घट्ट बसते. फ्रीझरचा खण भरगच्च भरल्यामुळे तो पूर्ण आत जात नाही व दार किंचित उघडे राहते, हाही तळाच्या फ्रीझरचा खास दोष आहे.

तिसरी गोष्ट, पंखा. अनेक फ्रीजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो, म्हणून तो ऐकू येत नाही. दाराच्या चौकटीत दाबबटण असेल तर ते बोटाने दाबून धरावे आणि कान द्यावा. कॉम्प्रेसर चालू असूनही घरघर मुळीच ऐकू येत नसेल तर पंखा बंद असण्याचा संभव असतो. पात्यांना बर्फ घासत असेल तर खरखर येते.

चौथी गोष्ट, मागे साचलेला बर्फ. दमट हवेतील पाणी थंड नळ्यांवर हिमरूपाने बसते. ते वितळविण्यासाठी आत एक तापणारी तार असते आणि ती ठराविक काळाने आपोआप तापते. ही व्यवस्था बिघडली तर फ्रीझरच्या पडद्यामागे बर्फाची भिंत उभी राहते व हवा कोंडते. याची पारख घरी करता येते. प्लग काढावा, अन्न अन्यत्र हलवावे, दोन्ही दारे उघडी ठेवून तळाशी जुने पंचे अंथरावेत आणि फ्रीज सुमारे चोवीस तास तसाच राहू द्यावा. पुन्हा सुरू केल्यावर तो काही दिवस उत्तम चालला आणि नंतर पूर्वीचीच तक्रार आली, तर वितळविण्याच्या व्यवस्थेत दोष आहे असे मानण्यास आधार मिळतो. कारागिराला ही हकीगत सांगितली की त्याचा वेळ आणि ग्राहकाचा पैसा दोन्ही वाचतात.

पाणी, आवाज आणि घाम

फ्रीझरच्या तळाशी बर्फाची सपाट लादी जमू लागली तर वितळलेले पाणी वाहून नेणारे छिद्र तुंबले आहे असे समजावे. त्यावरही संपूर्ण वितळविणे हाच घरगुती उपाय आहे. लादी पुन्हा जमली तर मागील पडदा काढून छिद्र साफ करण्याचे काम कारागिराकडे द्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. बर्फ काढण्यासाठी सुरी, उलथणे किंवा पेचकस कदापि वापरू नये. नळीला छिद्र पडले तर फ्रीज निकामी होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजच्या पुष्कळ फ्रीजमध्ये ‘आर ६००-ए’, म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला व ज्वालाग्राही आहे. त्याचे प्रमाण थोडे असते आणि नळ्या अभंग असेपर्यंत धोका नसतो. पूर्वीच्या फ्रीजमधील ‘आर १२’ हा वायू पृथ्वीभोवतीच्या ओझोन थराला घातक ठरला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्याने वापरातून गेला. नवा वायू त्या थराला अपाय करीत नाही, परंतु ज्योतीपासून त्याला दूर ठेवलेच पाहिजे. फ्रीजमागे नळी तुटल्याची शंका आली तर शेगडी विझवावी, खिडक्या उघडाव्यात, फ्रीजजवळची बटणे चालू-बंद करू नयेत व कारागीर बोलवावा.

फ्रीजच्या बाजू गरम लागल्या की अनेकांना भीती वाटते. नव्या फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. त्यामुळे पत्रा गरम लागणे हे यंत्र काम करीत असल्याचेच लक्षण होय. पावसाळ्यात दाराच्या कडेला बाहेरून पाण्याचे थेंब जमतात. सह्याद्रीच्या कुशीतील खानापूर-बेळगाव पट्ट्यात आषाढ-श्रावणातील हवा इतकी दमट असते की असा घाम सुटणे स्वाभाविक आहे. कोरड्या फडक्याने तो पुसावा. थेंब एकाच ठिकाणी सतत जमत असतील तर तेथील रबर तपासावे.

आवाज वाढला तर प्रथम फ्रीजचे चारही पाय जमिनीवर नीट टेकले आहेत काय ते पाहावे. शहाबादी फरशी क्वचितच अगदी सपाट असते. पुढील पाय किंचित उंच ठेवले म्हणजे दारही आपोआप मिटते.

धूळ, डास आणि विजेचा दाब

फ्रीज उष्णता बाहेर टाकतो, म्हणून त्याला श्वास घ्यायला जागा हवी. तो शेगडीला लागून, उन्हात किंवा भिंतीच्या कोनाड्यात कोंबून ठेवू नये. मागे व बाजूंना किती अंतर हवे ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ज्या फ्रीजच्या मागील नळ्या उघड्या असतात, त्यांवर धूळ बसली की कॉम्प्रेसरला अधिक वेळ चालावे लागते व विजेचे बिल वाढते. निपाणी परिसरात ज्या घरांतून विड्या वळण्याचे काम चालते, तेथे तंबाखूची बारीक भुकटी या नळ्यांवर बसण्याचा संभव अधिक. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ कुंचल्याने त्या झाडाव्यात. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

मागील बाजूस कॉम्प्रेसरवर पाण्याची तबकडी असते. वितळलेले पाणी तेथे येऊन कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाफ होते. पावसाळ्यात ते लवकर आटत नाही. अशा स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच डेंग्यू पसरविणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. यास्तव ही तबकडी दर आठवड्यास रिकामी करून घासून कोरडी करावी. ती काढता येण्याजोगी नसेल तर प्लग काढून स्पंज किंवा फडक्याने पाणी टिपून घ्यावे. अंगणातील टायर आणि कुंड्या तपासणारे कुटुंब घरातील ही तबकडी विसरते, असे पुष्कळदा घडते.

बेळगाव जिल्ह्यात हुबळी वीज पुरवठा कंपनी म्हणजे हेस्कॉमची वीज येते. घरगुती विजेचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट असतो. कोठेही ग्रामीण भागात पंपांचा भार एकदम आला की दाब खाली जातो. दाब कमी असताना कॉम्प्रेसर गुणगुणतो, पण सुरू होत नाही. तो पुन्हापुन्हा धडपडतो व त्याच्या तारा तापतात. आपला फ्रीज किती व्होल्टपर्यंत चालतो हे पुस्तिकेत वा मागील पट्टीवर पाहावे. घरातील दाब त्याच्या बाहेर जात असेल तर योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवावा. वीज गेल्यावर प्लग काढावा आणि ती परत येऊन स्थिरावल्यावर पाच मिनिटांनी लावावा. फ्रीजसाठी तीन पिनांचा स्वतंत्र प्लग व खात्रीचे अर्थिंग असावे. जुन्या कौलारू घरांतून अर्थिंग तपासून घेणे अगत्याचे आहे. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तो फ्रीज क्षणभरही वापरू नये. मुख्य बटण बंद करून वीजतंत्रीला बोलवावे.

फ्रीज कशासाठी, हे विसरू नये

एवढा खटाटोप अन्न सुरक्षित राहावे म्हणून आहे. वरच्या कप्प्याचे तापमान ३ ते ४ अंश सेल्सियस आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. साधा तापमापक पेलाभर पाण्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवला की खरी स्थिती कळते. पाच अंशांच्या वर रोगजंतू झपाट्याने वाढू लागतात. केवळ वासावर विसंबणे धोक्याचे असते, कारण घातक जंतू वाढलेल्या अन्नाला नेहमीच वास येतो असे नाही.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद दाराआड वरचा कप्पा सुमारे चार तास सुरक्षित थंडी राखतो. भरलेला फ्रीझर साधारण अठ्ठेचाळीस तास आणि अर्धा भरलेला चोवीस तास टिकतो. घर बंद करून गावी जाताना एक सोपी युक्ती करता येते. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे व वाटी फ्रीझरमध्ये ठेवून जावे. परतल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी दिसले तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला असे समजावे आणि तेथील अन्न खाऊ नये. बेळगावचा कुंदा असो, खवा असो वा मटण, अशा वेळी मायेपेक्षा सावधगिरी बरी.

मधुमेहाच्या रुग्णासाठी घरात इन्सुलिन असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते गोठले तर निरुपयोगी होते, मग पुन्हा वितळले तरीही वापरू नये. म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवू नये आणि थंड हवेच्या छिद्रासमोर किंवा मागील भिंतीला लागूनही ठेवू नये. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूस, झाकणाच्या डब्यात ते ठेवावे. वरचा कप्पा कोमट झाल्याचे ध्यानात आले तर तेथील इन्सुलिनबाबत डॉक्टर किंवा औषधविक्रेत्यास विचारल्यावाचून ते टोचू नये. ज्या घरात आजीचे इन्सुलिन आणि नातवाचे दूध एकाच कप्प्यात असते, त्या घरात छिद्राआड आलेला एक डबा ही क्षुल्लक बाब राहत नाही.

गरम अन्न तसेच आत ठेवल्यास शेजारचे दूध तापते. उलट तासनतास बाहेर ठेवल्यास जंतू वाढतात. अन्न पसरट भांड्यात काढून ते पाण्याच्या परातीत ठेवावे. लवकर गार झाल्यावर, दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. म्हणजे आजीची परात अजूनही कामाचीच आहे. कच्चे मटण-मासे झाकणाच्या डब्यात घालून वरच्या कप्प्याच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवावेत. त्यांचे पाणी शिजविलेल्या अन्नावर ठिबकता कामा नये.

कारागीर आणि ग्राहक

स्वच्छता, जागा, रबर, वितळविणे आणि तापमान पाहणे ही घरची कामे. पंखा, झडप, तापणारी तार, कॉम्प्रेसर व गॅस ही कारागिराची कामे. गॅस भरण्याचा सल्ला मिळाला तर गळती कोठे आहे आणि ती बंद केली काय, असे ग्राहकाने आवर्जून विचारावे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच. बदललेला सुटा भाग पाहावयास मागावा आणि पावती घ्यावी. खरेदीची पावती व हमीपत्र जपून ठेवावे. सेवेत कसूर झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीशी संपर्क साधता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचाही मार्ग खुला आहे. अंगणात पडलेला जुना फ्रीज भंगारात फोडू नये. तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल असे पाहावे आणि तोपर्यंत त्याचे दार काढून ठेवावे, म्हणजे खेळणारी मुले आत अडकणार नाहीत.

परात, शिंके आणि माठ यांवर घराचे रोज लक्ष असे. परातीतील पाणी बदलले जाई, माठ घासला जाई. फ्रीजने तेवढीच देखरेख मागितली आहे. आठवड्यास तबकडी रिकामी करणे, महिन्यास रबर पुसणे, दोन-तीन महिन्यांनी धूळ झाडणे आणि रोज भांडे ठेवताना मागील छिद्रांकडे एक नजर टाकणे. एवढे केले तर खाली निर्माण झालेली थंडी बिनतक्रार वर चढेल आणि सकाळी दूध तापवायला काढणाऱ्या हाताला ते चांगलेच सापडेल.